आंबोलीला जाऊ या, पण ठरवून!



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते झाले, वही बंद झाली, आणि एक ताई सहज म्हणाल्या, "माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. आंबोलीला दोनदा गेले, पण धबधबा काही बघितला नाही. मी आपली पिशव्यांजवळ बसलेली." सगळ्या हसल्या. मला मात्र घरी जाईपर्यंत तेच आठवत होतं. म्हणून हा लेख. सहल कुटुंबाची असेल तर ती आपलीपण झाली पाहिजे.

पैसे कसे जमवायचे?
सहलीसाठी गटातून कर्ज काढू नका. कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, बियाण्याला. सहलीसाठी वेगळा डबा ठेवा. पाडव्यापासून आठवड्याला 100 रुपये टाकले तर वीस आठवड्यांत 2000 रुपये होतात. तोवर ऑगस्ट येतो. रोप लावण उरकलेली असते आणि गणपतीची गडबड सुरू व्हायची असते. रविवार आणि 15 ऑगस्ट सोडून मधला वार धरा. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते आणि दारू पिऊन गोंधळ घालणारेही जास्त असतात.

एसटीचा हिशोब
आजऱ्यावरून सावंतवाडीकडे जाणारी एसटी आंबोलीतून जाते. 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. 5 ते 12 वर्षांच्या मुलांनाही अर्धं, त्याखालच्या मुलांना काहीच नाही. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75 च्या पुढे मोफत. म्हणजे बघा: नवरा पूर्ण, तुम्ही अर्धं, आठ वर्षांची मुलगी अर्धं, चार वर्षांचा मुलगा आणि 76 वर्षांच्या सासूबाई मोफत. पाच माणसं, दोन तिकिटांचे पैसे! सासूबाईंचं आधार कार्ड तेवढं विसरू नका. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून घ्या.

मुख्य धबधबा गावापासून साधारण तीन किलोमीटर पुढे, घाटातच रस्त्याला लागून आहे. वळणाचा रस्ता, त्यात धुकं. पोरांना घेऊन चालत जाऊ नका. बस तिथे थांबेल का ते वाहकाला आधी विचारा, नाहीतर गावातून रिक्षा करा.

पाण्याशी मस्करी नको
30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. सगळी एकमेकांना धरून उभी होती, तरी पाण्यापुढे इलाज चालला नाही. असं का होतं? आपल्या डोक्यावर ऊन असतं, पण वर डोंगरात पाऊस पडत असतो. ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. खुणा लक्षात ठेवा: पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, की पिशवी-चप्पल काही न बघता बाहेर या. प्रवाहाच्या मधल्या दगडावर फोटोसाठी उभं राहू नका. शेवाळावरून पाय सटकतो. कावळेसादला दरीच्या कठड्यापलीकडे जायचं नाही, मग कोणी कितीही आग्रह करो. अडचण आली तर 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

जंगल म्हणजे काय, ते पोरांना दाखवा
आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून तिथलं जंगल बाराही महिने हिरवं. जांभूळ, अंजनी अशी झाडं बघायला मिळतात. तिथला 'आंबोली टोड' हा छोटा बेडूक आंबोलीच्या परिसरातच सापडतो. आणखी एक हिरवा बेडूक पाण्यावरच्या फांदीला फेसाचं घरटं करतो. पिल्लं मोठी झाली की टपाटपा खाली पाण्यात पडतात. मात्र फांदीला हात लावण्याआधी नीट बघा, चापडा साप तिथेच बसलेला असतो आणि पटकन दिसत नाही. माकडांना खायला देऊ नका, ती मग पिशव्या ओढतात.

वेळ असेल तर हिरण्यकेशीला नक्की जा, गावापासून पाचेक किलोमीटर. गुहेतून पाणी येतं, तेच आपल्या नदीचं उगमस्थान. आजरा, गडहिंग्लजवरून जाणारी, आपल्या उसाला-भाताला पाणी देणारी हिरण्यकेशी ती हीच. मंदिराच्या कुंडात 2020 मध्ये माशाची नवी जात सापडली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे साबण, निर्माल्य, प्लास्टिक काही टाकायचं नाही. वर टाकलेलं खाली आपल्याकडेच येतं.

निघायच्या आदल्या रात्री
- प्रत्येकाला कपड्यांचा एक कोरडा जोड. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा.
- चपाती, खर्डा, भडंग. चार वाजता उठून पाच पदार्थ करायची गरज नाही.
- पॅड, रोजची औषधं, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.
- स्वच्छतागृह आंबोली गावातच उरकून घ्या. चहा घेताना हॉटेलात विचारायला लाजू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पिशव्या सांभाळायच्या पाळ्या घरीच ठरवा. अर्धा तास नवऱ्याची, अर्धा तास मोठ्या मुलाची, अर्धा तास तुमची. गटात आपण बैठकीच्या पाळ्या लावतोच की!

त्या ताई या ऑगस्टला पुन्हा जाणार आहेत. डब्यात 600 रुपये जमलेत. या वेळी धबधबा बघूनच येणार म्हणतात.

– तुमची क्षेत्र समन्वयक