इस्राएल, मंडळी आणि एक उलटं कलम

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग कॅथेड्रलच्या दक्षिण दारासाठी १२३०च्या सुमारास दोन स्त्रियांचे पुतळे घडवले गेले. एकीच्या डोक्यावर मुकुट, हातात क्रूस आणि प्याला: ती ख्रिस्ती मंडळी. दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी, भाला मोडलेला, नियमशास्त्राच्या पाट्या हातातून निसटायला आलेल्या: ती सिनेगॉग, म्हणजे यहुदी समाज.

गैरसमज: इस्राएलची, म्हणजे यहुद्यांची, जागा मंडळीने घेतली, असं सगळेच ख्रिस्ती मानतात.

वस्तुस्थिती: या पुतळ्यांमागच्या मताचा पगडा अनेक शतकं होता, पण पौलाचं रोमकरांस पत्र त्याला सहजी साथ देत नाही. त्याच्या अकराव्या अध्यायात जैतुनाचा दाखला आहे. कोकणात रायवळ रोपावर हापूसची काडी बांधतात. पौलाचं कलम उलटं. लागवडीच्या झाडावर रानटी फांद्या, म्हणजे परराष्ट्रीय, जोडल्या आहेत. त्यांनी शेखी मिरवू नये. तोडलेल्या मूळ फांद्याही, म्हणजे यहुदी, देव पुन्हा जोडू शकतो. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत याच पत्राचा आधार घेतला आणि यहुद्यांना देवाने टाकलेले वा शापित म्हणून रंगवू नये, असं बजावलं.

गैरसमज: त्याच अध्यायातल्या ‘सर्व इस्राएलचं तारण’ याचा अर्थ एकच.

वस्तुस्थिती: धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मते इथे इस्राएल म्हणजे यहुदी व परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी प्रजा. काही जण प्रत्येक पिढीतले विश्वासू यहुदी असा अर्थ घेतात. युगाच्या शेवटी यहुदी समाज मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळेल, असंही अनेक अभ्यासक वाचतात.

गैरसमज: इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना, ही आरंभापासूनची शिकवण.

वस्तुस्थिती: तिची पद्धतशीर मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी केली. १९०९ साली निघालेल्या, स्कोफिल्ड यांच्या टिपा असलेल्या बायबलने ती अमेरिकेत घरोघरी नेली.

गैरसमज: देवाचा यहुद्यांशी केलेला करार कायम आहे, म्हणजे यहुद्यांना तारणाचा स्वतंत्र मार्ग आहे.

वस्तुस्थिती: व्हॅटिकनच्या २०१५च्या दस्तऐवजाने दोन समांतर मार्ग नाकारले. तरी यहुदी तारणात सहभागी आहेत, हेही मान्य केलं. ते कसं, हे देवाचं गूढ म्हटलं. यहुद्यांच्या धर्मांतरासाठी संस्थात्मक मोहीम चर्च चालवत नाही, असंही त्यात नमूद आहे. अनेक इव्हँजेलिकल गटांना ही भूमिका पटत नाही.

त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या सेंट जोसेफ्स विद्यापीठात मंडळी आणि सिनेगॉग या दोघींचा नवा पुतळा उभा राहिला. शेजारी शेजारी बसलेल्या दोघींच्या डोक्यांवर मुकुट आहेत. एकीच्या हाती गुंडाळी, दुसरीच्या हाती ग्रंथ, आणि दोघी एकमेकींच्या हातातलं पाहताहेत.