सोनेरी मासा उलटा पोहू लागल्यास

सोनेरी मासा, म्हणजेच बाजारातील गोल्डफिश, आता खेड्यांतील घरांत व शाळांतही पाळला जातो. शोभिवंत माशांच्या संवर्धनास २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्थान मिळाल्यामुळे जोडधंदा म्हणूनही त्याचा विचार होऊ लागला आहे. हा मासा एखाद्या दिवशी पोट वर करून तरंगू लागतो, एका कुशीवर कलतो किंवा तळाशी पडून राहतो. तो आता वाचत नाही असे समजून पुष्कळ लोक त्यास टाकून देतात. वास्तविक वेळीच काळजी घेतल्यास असे कित्येक मासे बरे होतात.

तोल का जातो?

माशाच्या शरीरात हवेने भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्यातील हवा कमीअधिक करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. सोनेरी माशात या पिशवीचे दोन कप्पे असून ती एका बारीक नळीने अन्ननलिकेस जोडलेली असते. या माशास जठर नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. कोरडे खाद्य पोटात फुगले किंवा मलावरोध झाला, की वाताशयावर दाब पडून तोल बिघडतो. आखूड व गोल शरीराच्या, दुहेरी शेपटीच्या जातींत आतील अवयव दाटीने बसलेले असल्याने हा विकार अधिक आढळतो. अस्वच्छ पाणी, एकाएकी उतरलेले तापमान व जंतुसंसर्ग ही इतर कारणे होत.

प्रथम मासे मोजावेत

उपचारापूर्वी एकच मासा आजारी आहे की सर्व, हे पाहावे. सर्व मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत असतील, तर तो वाताशयाचा विकार नव्हे. पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे किंवा अमोनिया साठला आहे. अशा वेळी खाद्य बंद करून पाणी बदलावे व हवेचा पंप लावावा. इतर मासे धडधाकट असून एकाचाच तोल गेला असेल, तर पुढील उपाय योजावेत.

उपाययोजना

१) टाकीतील चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी जुन्या पाण्याइतक्याच उष्णतेचे असावे. गावच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीचा क्लोरीन असतो व तो माशांच्या कल्ल्यांस घातक ठरतो. असे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवावे. ग्रामपंचायतीत पाणी तपासण्यासाठी वापरतात त्या ओ. टी. द्रावणाने पिवळा रंग येत असेपर्यंत ते वापरू नये. शहरातील पाण्यात क्लोरामाइन असल्यास ते केवळ ठेवल्याने जात नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध वापरावे.

२) आजारी मासा मोठा असल्यास दोन ते तीन दिवस उपाशी ठेवावा. उपवासाने त्यास अपाय होत नाही. लहान पिलांस मात्र उपाशी ठेवू नये.

३) नंतर हिरवा वाटाणा मऊ उकडून, साल काढून, कुस्करून त्याचे एक-दोन बारीक तुकडे द्यावेत. मीठमसाला घालू नये.

४) मासा वर येण्यास धडपडत असेल तर पाण्याची खोली कमी करावी. पाणी २० ते २४ अंश सेल्सिअस राहील असे पाहावे.

५) माशाचे पोट पाण्याबाहेर राहत असेल तर ती त्वचा सुकून जखम होते. वेगळ्या टबात एक लिटर पाण्यास एक ग्रॅम या प्रमाणात साधे मीठ विरघळवून त्यास ठेवावे. मिठाने वाताशय सुधारत नाही. परंतु माशावरील ताण हलका होतो.

वर्ज्य गोष्टी

टाकीतील सर्व पाणी एकदम काढून, गाळणी नळाखाली धुऊ नये. अमोनियाचा नाश करणारे उपयुक्त जंतू गाळणीतच वाढतात. ती टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यावी. जंतुनाशक औषधे अंदाजाने घालू नयेत. खवले उभारले असतील, अंग सुजले असेल किंवा जखमा दिसत असतील तर पशुवैद्यकीय किंवा मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. आजारी मासा विहीर, ओढा अथवा तलावात कदापि सोडू नये. तो जगल्यास तळ उकरून पाणी गढूळ करतो. मेल्यास त्याचा रोग स्थानिक माशांत पसरू शकतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून दोनदा द्यावे. कोरडे खाद्य पाच-दहा मिनिटे भिजवून घ्यावे. म्हणजे ते बुडते व मासा वरची हवा गिळत नाही. गोल काचेचे छोटे भांडे या माशास अपुरे पडते. टाकी उन्हात ठेवू नये.

काही माशांचा तोल जन्मतः किंवा वयामुळे कायमचाच बिघडतो. असा मासा खात असेल तर उथळ व स्वच्छ पाण्यात तो पुढेही दीर्घकाळ जगू शकतो. औषधाच्या बाटलीस हात घालण्यापूर्वी पाणी व खाद्य या दोहोंकडे लक्ष द्यावे, एवढे पथ्य पाळल्यास पाळणाऱ्याचा खर्च व माशाचा जीव, दोन्ही वाचतील.