विश्लेषण : मुली लवकर वयात का येत आहेत? उंचीवर त्याचा काय परिणाम होतो?

दुसरी-तिसरीतल्या मुलीच्या शरीरात बदल दिसू लागले, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘इतक्या लवकर?’ आणि त्यामागोमाग दुसरा, ‘हे दुधामुळे की चिकनमुळे?’ संप्रेरके, वाढ आणि वयात येणे यांचा एकमेकांशी असलेला संबंध गेल्या काही वर्षांतील संशोधनामुळे बराच स्पष्ट झाला आहे. पालकांसाठी त्यातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, पाळी ही या बदलांची सुरुवात नसते, तर बऱ्याच पुढचा टप्पा असतो. ‘पाळी आली की पाहू’ असे म्हणत थांबल्यास, ज्या मोजक्या मुलींना उपचारांची गरज असते त्यांची वेळ निघून गेलेली असते.

वयात येणे कुठून सुरू होते?

मेंदूतून. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने, ठोक्यांसारखे स्रवू लागते. त्यामुळे पीयूष ग्रंथीला इशारा मिळतो. तिची संप्रेरके मुलींच्या अंडाशयाला आणि मुलांच्या वृषणांना जागे करतात आणि मग इस्ट्रोजेन वा टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते. ही यंत्रणा जन्मानंतरच्या काही महिन्यांतही एकदा सुरू झालेली असते. त्यानंतर मेंदू ती अनेक वर्षे दाबून ठेवतो. म्हणजे वयात येणे हे नवे यंत्र बसवण्यासारखे नसून, लावलेला ब्रेक सोडण्यासारखे आहे.

हा ब्रेक कोण सोडतो, याचे उत्तर एकविसाव्या शतकात हाती लागले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी या चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात १९९६ मध्ये कर्करोगावरील संशोधनातून एक जनुक सापडले. तिथल्या ‘किसेस’ चॉकलेटवरून त्याचे नाव पडले ‘किस-१’. त्यापासून बनणाऱ्या किसपेप्टिन या रेणूचा संदेश पोहोचला नाही, तर माणूस वयातच येत नाही, हे २००३ मध्ये समोर आले. पुढे २०१३ मध्ये एमकेआरएन-३ या जनुकातील बिघाडामुळे काही कुटुंबांतील मुले फार लवकर वयात येतात, असे आढळले. पहिला रेणू यंत्रणा सुरू करतो, तर दुसरे जनुक तिला रोखून धरते.

वय खरोखरच कमी होत आहे का?

होय, पण स्तनवाढ सुरू होण्याचे वय जितके खाली आले, तितके पाळीचे वय आलेले नाही. मुलींमध्ये स्तनवाढ ही साधारणपणे पहिली खूण असते आणि त्यानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, १९७७ ते २०१३ या काळात स्तनवाढ सुरू होण्याचे वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी खाली आले. कोपनहेगनमधील मुलींमध्ये ते १९९१ च्या सुमारास १०.८८ वर्षे होते. पंधरा वर्षांनी ९.८६ वर्षे झाले.

पाळीबाबत अमेरिकेतील ७१ हजारांहून अधिक महिलांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते १९६९ दरम्यान जन्मलेल्या महिलांना पहिली पाळी सरासरी १२.५ व्या वर्षी आली होती, तर २००० ते २००५ मध्ये जन्मलेल्यांना ११.९ व्या वर्षी. अकरा वर्षांच्या आत पाळी येणाऱ्यांचे प्रमाण ८.६ टक्क्यांवरून १५.५ टक्क्यांवर गेले. सरासरी काही महिन्यांनीच सरकली असली, तरी फार लवकर पाळी येणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली.

कारण काय?

सर्वांत भक्कम पुरावा पोषण आणि वजनाबाबत आहे. गर्भधारणेसाठी पुरेसा साठा आहे की नाही, हे शरीर आधी तपासते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन ही खबर मेंदूला देते. ही खबर पुढे कशी जाते, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. मेंदूतील एमसी-३-आर हा ग्राहक रेणू पोषणाची माहिती घेऊन उंची वाढवणाऱ्या आणि वयात आणणाऱ्या यंत्रणांना इशारा देतो. या जनुकात दोष असलेल्या महिलांना पाळी सरासरी सुमारे पाच महिने उशिरा आली होती आणि अशा व्यक्तींची उंचीही कमी होती.

याचा एक बोलका पुरावा भारताशी जोडलेला आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी कुपोषण आणि मग अचानक भरपूर आहार मिळालेल्या या मुलींना पाळी ११.६ वर्षांच्या आसपास, म्हणजे स्वीडिश मुलींपेक्षाही लवकर आली. केवळ किती खाल्ले एवढेच नव्हे, तर वाढीचा वेग किती झपाट्याने बदलला, हेही महत्त्वाचे असावे, असे यावरून दिसते.

करोनाच्या टाळेबंदीतही असेच काहीसे घडले. इटली, तुर्कस्तान आणि आपल्याकडे पुण्यातील बालसंप्रेरकतज्ज्ञांनी लवकर वयात येणाऱ्या मुलींच्या संख्येत वाढ नोंदवली. वाढलेले वजन, थांबलेले खेळ, बिघडलेली झोप, मोबाइलसमोरचे तास आणि ताण या सगळ्यांकडे बोट दाखवले गेले. मात्र यातील नेमका वाटा कोणाचा, हे वेगळे काढता आलेले नाही.

रसायनांवरही संशोधन सुरू आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सुमारे दहा हजार रसायने तपासून २०२४ मध्ये जाहीर केले, की ‘मस्क अँब्रेट’ हे सुगंधी द्रव्य वयात आणणारी मेंदूतील यंत्रणा चाळवू शकते. हे प्रयोग मानवी पेशी आणि झेब्राफिश या माशांवर झाले. मुलांवर असाच परिणाम होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही लहान मुलांना भडक वासाची सौंदर्यप्रसाधने लावण्याचे टाळणे शहाणपणाचे.

मग दूध आणि चिकन?

गाई-म्हशींना पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचले जाते, हा नेहमीचा आक्षेप. जनावराच्या दृष्टीने ही प्रथा वाईटच आहे. पण ऑक्सिटोसिन हा प्रथिनांसारखा छोटा रेणू असून तो पचनात मोडतो आणि वयात आणण्याचे काम त्याचे नाही. ब्रॉयलर कोंबडी झपाट्याने वाढते ती मुख्यतः निवडक पैदास आणि खाद्यामुळे. त्यामुळे मुलीचे दूध, अंडी बंद करून हा प्रश्न सुटत नाही. उलट वाढीच्या वयात प्रथिने आणि कॅल्शियम मात्र कमी पडते. लक्ष द्यायचे ते गोड पेये, पाकीटबंद खाऊ आणि बसून राहण्याकडे.

उंचीचे काय होते?

इथेच पालकांची सर्वाधिक फसगत होते. लवकर वयात येणारी मुलगी सुरुवातीला वर्गात सर्वांत उंच दिसते. एरवी वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढणारी उंची या काळात सात-आठ सेंटीमीटरने वाढते आणि घरचे खूश होतात. परंतु हीच संप्रेरके हाडांच्या टोकाशी असलेल्या कुर्चेच्या वाढपट्ट्या बंदही करतात. पट्ट्या लवकर मिटल्या, की वाढ लवकर थांबते आणि वर्गातील सर्वांत उंच मुलगी पुढे सरासरीपेक्षा बुटकी राहू शकते. पहिल्या पाळीनंतर साधारणतः पाच ते सात सेंटीमीटर एवढीच उंची वाढायची बाकी असते.

या पट्ट्या मिटवण्याचे काम मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेनच करते. अमेरिकेत १९९४ मध्ये नोंदवलेल्या एका २८ वर्षीय पुरुषाच्या शरीरावर जनुकीय दोषामुळे इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटीमीटर होती, ती अजून वाढत होती आणि हाडांचे वय मात्र १५ वर्षांच्या मुलाइतके होते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत स्तनवाढ आणि मुलग्यांमध्ये नऊ वर्षांच्या आत वृषणांची वाढ दिसली, तर तपासणी हवी. नुसते काखेत केस किंवा घामाचा वास ही बहुतेकदा मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथीची करामत असते. ते वयात येणे नव्हे, पण डॉक्टरांना दाखवून घ्यावे. मुलींमध्ये बहुतेक वेळा कोणताही आजार सापडत नाही. मुलग्यांमध्ये मात्र मूळ आजार असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून त्यांच्याबाबत विलंब नको.

डॉक्टर आधीच्या उंचीच्या नोंदी पाहतात. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. रक्ततपासणी आणि गरज भासल्यास सोनोग्राफी किंवा मेंदूचा एमआरआय करतात. उपचारासाठी जीएनआरएचसारखेच औषध दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी टोचले जाते. ठोक्यांऐवजी सतत मिळणाऱ्या या संदेशाने पीयूष ग्रंथी प्रतिसाद देणे थांबवते. इंजेक्शन बंद केल्यावर प्रक्रिया पुन्हा सुरू होते. उंचीच्या दृष्टीने सर्वाधिक फायदा सहा वर्षांच्या आत बदल सुरू झालेल्या मुलींना होतो. नऊ-दहाव्या वर्षी वयात येणाऱ्या मुलीला ‘उंची वाढेल’ म्हणून हे इंजेक्शन देण्यात अर्थ नसतो. उंची वाढवणाऱ्या पावडरींचा तर या वाढपट्ट्यांशी काही संबंध नाही.

घरी काय करता येईल?

दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन मोजून तारखेसह लिहून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त आणि उपयोगी उपाय. उंचीचा वेग अचानक वाढला, तर ते या नोंदीतून आधी कळते. दुसरी गोष्ट बोलण्याची. शरीर दहा-अकरा वर्षांचे दिसू लागले, तरी मन आठ वर्षांचेच असते. नातेवाईक, शेजारी मात्र तिला मोठी समजून वागवू लागतात. ‘आता तू मोठी झालीस’ म्हणत तिचा खेळ बंद करणे हे तिच्या वजनाच्या आणि मनाच्या, दोन्हींच्या दृष्टीने घातक. पाळी म्हणजे काय, हे ती येण्याआधी तिला साध्या शब्दांत सांगितलेले असावे. ही माहिती सहावी-सातवीत द्यायची असा समज आता जुना झाला आहे. अनेक मुलींसाठी ती वेळ तिसरी-चौथीतच येते.