पंपाचा पंचनामा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात गाडी वळवायला हातभर जागा मिळत नाही. क्रेटच्या थप्प्या, त्यांच्यामधून वाट काढणारे हमाल आणि मागे हॉर्नची रांग. तिथे माझ्या मामेभावाची सतरा वर्षांची पिकअप अर्ध्या वळणात अडकली. इंजिन चालू होतं, पण स्टिअरिंग म्हणजे ओलं दळण घातलेलं जातं. दादा पंचावन्नचा. दोन्ही हातांनी लोंबकळून त्याने कशीबशी गाडी बाजूला घेतली आणि मला फोन केला, "पंप गेलाय. पुण्यातनं एक पाठव."

"कोणता?"

"पॉवर स्टिअरिंगचा. आणखी कोणता असतो?"

पुढच्या चार दिवसांत मला कळलं की आणखी पुष्कळ असतात.

या पंपाची गोष्ट ट्रकपासूनच सुरू होते. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड गाडी वळवताना ड्रायव्हरचे हाल तो रोज बघत होता. नोकरी सोडून त्याने तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग बनवलं आणि 1926 मध्ये ते एका पिअर्स-अ‍ॅरो मोटारीवर चालवून दाखवलं. जनरल मोटर्सने आधी रस घेतला, मग खर्च परवडेना म्हणून प्रकरण बासनात गुंडाळलं. विक्रीच्या मोटारीत ते आलं थेट 1951 मध्ये, क्रायस्लरच्या इम्पिरिअलमध्ये, ‘हायड्रागाइड’ या नावाने. आपल्याकडे टेल्कोची टाटामोबाइल 1988 ची. पिकअप ही जात तेव्हापासून रुळली. पण तिच्या वर्गातल्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग बरीच वर्षं मिरवायची गोष्ट होती. ट्रकवर तर ते अक्षरांत रंगवून घेतलेलं असे, ‘हॉर्न ओके प्लीज’च्या शेजारी.

यंत्र म्हणाल तर नारळाएवढं. आत एक लंबगोल कडं, त्यात फिरणारा रोटर आणि रोटरच्या खाचांत सरकणारी पोलादी पाती, बहुधा दहा. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जाऊन कड्याला घासत जातात. कडं लंबगोल असल्यामुळे दोन पात्यांमधली जागा एका फेरीत दोनदा मोठी होते, दोनदा लहान. मोठी होताना टाकीतलं तेल ओढते, लहान होताना पाइपात ढकलते. दाब किती? पूर्ण वळणावर 80 ते 100 बार सहज. भरलेल्या पिकअपच्या टायरमधली हवा चारेक बारची असते, त्यावरून अंदाज करा. आणि हा दाब धरून ठेवणारी आतली फट केसाहूनही बारीक. म्हणजे तेलात मिसळलेली चिमूटभर कचकच या पंपाला पुरते.

पुण्यात मी पहिल्या दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगितलं. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, "कुठला पंप बसलाय? बॉडीवरचा नंबर आणा." त्याचं बरोबर होतं. गाडी बनवणारी कंपनी पंप स्वतः बनवतेच असं नाही. आपल्याकडे पुण्याजवळ वढू बुद्रुकचं झेडएफ स्टिअरिंग गिअर, तमिळनाडूतला राणे समूह असे स्टिअरिंगचेच कारखाने आहेत. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांचा माल लागू शकतो. शिवाय सतरा वर्षांत तीन गॅरेज पाहिलेल्या गाडीत मूळचा पंप असेलच याची हमी कोण देणार? मी दादाला फोटो पाठवायला सांगितलं. आला तो काळ्या चिखलाचा फोटो. डिझेलने धुऊन, ब्रश मारून पुन्हा काढायला लावला, तेव्हा कुठे पट्टीवरचे आकडे दिसले.

दरम्यान गावाकडच्या मिस्त्रींनी माझं काम वाढवून ठेवलं. हे गृहस्थ कमी बोलतात, आणि बोलतात ते बहुधा ‘थांबा’. पंप खोलायच्या आधी त्यांनी गाडीचं तोंड जॅकवर उचललं, इंजिन बंद ठेवलं आणि चाक हाताने दोन्हीकडे फिरवून पाहिलं. चाकं हवेत असतानाही स्टिअरिंग जड लागलं, तर दोष पंपाचा नाही. बॉल जॉइंट सुकलाय किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा क्रॉस धरलाय. दादाचं हलकं फिरलं. मग पट्टा. तेलाने माखलेला पट्टा पुलीवर घसरतो, वळणावर किंचाळतो, आणि लोक पंप बदलून मोकळे होतात. पट्टाही ठीक होता.

मग त्यांनी प्रेशर पाइपात घड्याळ जोडलं. घड्याळापुढे एक कॉक असतो. इंजिन गरम करून, आयडलवर, तो कॉक क्षणभर बंद करायचा, पाच सेकंदांच्या वर नाही. नाहीतर कोंडलेलं तेल पंपालाच भाजून काढतं. कॉक बंद केल्यावर दाब पुरेसा चढला तर पंप शाबूत, गळती पुढे स्टिअरिंग बॉक्समध्ये. नाही चढला तर पंप दोषी. दादाच्या गाडीचा काटा 40 च्या आसपास रेंगाळला. ही चाचणी दोन मिनिटांची, तरी मी नंतर विचारलेल्या पाचांपैकी एकाच गॅरेजात ते घड्याळ होतं. बाकीचे कानावर चालतात. कान वाईट नसतो, पण त्याला पंप आणि बॉक्स यांतला फरक ऐकू येत नाही.

पंप गेला हे ठरलं. आता मी घ्यायला निघालो तर मिस्त्री फोनवर पुन्हा म्हणाले, "थांबा. का गेला ते बघू." लॉक काढून त्यांनी कडं बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. आतला घासता पृष्ठभाग आरशासारखा हवा. इथे पत्र्याच्या पन्हळीसारख्या बारीक लाटा उठल्या होत्या. बोट फिरवलं की नखाला खरखर लागत होती. मग त्यांनी तेल येण्याच्या वाटेतून चिमट्याने एक काळा तुकडा काढला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. रबर. जुन्या पाइपाचं अस्तर आतून सुटून टाकीच्या जाळीत साचलं होतं, पंपाला तेल पुरत नव्हतं, पाती उपाशी धावत होती. महिनाभर गाडी वळणावर घुमत होती, हे दादाने तेव्हा कबूल केलं. त्याने त्यावर टाकीत उरलंसुरलं इंजिन ऑइल ओतलं होतं. ब्रेक ऑइल ओतलं नाही हे नशीब. त्याने सगळे सील फुगून वाया जातात.

त्या तुकड्याने खरेदीची यादीच बदलली. एका पंपाऐवजी पंप, रिटर्न पाइप, टाकी आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं तेल. जुन्या टाकीला नवा पंप जोडला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता, आणि मग आम्ही ‘हल्ली माल हलका येतो’ म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या असत्या.

बाजारात पर्याय चार दिसले. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला, बिननावाचा लोकल, आणि रिकंडिशन. पहिल्या दोनांत बऱ्याचदा माल तोच, खोकं वेगळं आणि किंमत वेगळी. माझं मत दुसऱ्याकडे झुकलं. लोकल पंप हातात घेतला तेव्हा देखणा होता, मूळच्याहून चकचकीत. पण त्याचं ‘फ्लो किती, दाब किती सोडतो’ हे काउंटरवर कुणाला सांगता येईना. इथेच खरी मेख आहे. पंपात एक झडप असते. इंजिन धावू लागलं की जादा तेल ती आतल्या आत परत फिरवते. ती जरुरीपेक्षा जास्त तेल सोडणारी निघाली तर हायवेवर स्टिअरिंग लोण्यासारखं सैल लागतं. कमी सोडणारी निघाली तर बाजारात पुन्हा तेच जातं. दाबाची मर्यादा मूळपेक्षा चढी असेल तर पंप टिकतो आणि बॉक्सचे सील फुटतात. बोल्टची भोकं जुळली म्हणजे पंप जुळला, असं नाही.

फिरण्याची दिशाही पाहावी लागते. दिसायला सारखे दोन पंप उलटसुलट फिरणारे असू शकतात. शाफ्टचं टोक, पुलीची जाडी, पाइपाचे आटे हेही. आट्यांचा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या जुन्या शेव्हर्ले पिकअपवर जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाचा पंप असे. 1980 च्या सुमारास त्याचे इंची जोड जाऊन मेट्रिक, ओरिंगचे जोड आले. बाहेरून पंप तोच. जुन्या ट्रकला नंतरचा पंप घेणारे तिथले लोक आजही पाइपाशी झटत बसतात.

रिकंडिशनला मी नाक मुरडत होतो, पण एका जुन्या कारागिराने समजूत घातली. नुसता शाफ्टचा सील गळत असेल आणि कडं स्वच्छ असेल, तर सील-किट टाकून तोच पंप वर्षानुवर्षं चालतो. नवा घेणं उधळपट्टी. अडचण अशी की ‘रिकंडिशन’ या एका शब्दात दोन धंदे राहतात. एक कडं, रोटर, पाती बदलतो. दुसरा ओरिंग बदलून वरून चंदेरी रंग मारतो. विचारायचा प्रश्न एकच, "आतलं जुनं कडं दाखवता का?" मी दोन ठिकाणी विचारला. एकाने डबा उघडून दाखवला, दुसऱ्याने चहा मागवला.

भंगारातून काढलेल्या पंपाचा विचार मी सोडून दिला. तो कुठल्या गाडीतून आला, ती का मोडली, हे माहीत नसताना पैसे देणं म्हणजे दुसऱ्याचा आजार विकत घेणं.

बसवायला मीच गावी गेलो. पुली घट्ट दाबून बसवलेली. ती पुलरने काढतात. हातोडीने ठोकलं की धक्का थेट बेअरिंगला. मिस्त्रींनी जुनं तेल वाहून जाईपर्यंत नवं ओतलं, मग चाकं हवेत ठेवून, इंजिन बंद, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-बावीस वेळा. टाकीत आधी दुधाळ फेस, मग मोठे बुडबुडे, मग काहीच नाही. तेव्हा कुठे चावी फिरवली. दादाने एका बोटाने चाक फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या महिन्यात पासिंग आहे." आठ वर्षांवरच्या माल-गाडीला ते दरवर्षी लागतं, आणि स्टिअरिंग तिथे बघतातच.

पैसे देताना मिस्त्री म्हणाले, "जुना पंप राहू द्या इथं. बॉडीचे वजा करतो."

मी रकमेकडे बघत होतो. दादाने पंप उचलला, पोत्यात गुंडाळला आणि सीटखाली सरकवला. "नको," तो म्हणाला, "कोणी तरी रंग मारून मलाच विकंल."

मिस्त्री पहिल्यांदाच हसले.