लिंबोणीचा बहर आणि सुगंधाची पारख

वाराणसीत फाल्गुन सरत आला, की जुन्या घरांच्या अंगणांतील लिंबोणीला बहर येतो. फूल लहान, पांढरे, पानाआड दडलेले. परंतु डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते नाकाला कळते. आंबिया बहरात संत्र्यांच्या बागांजवळून गेलेल्या विदर्भातील वाचकांना हे वेगळे सांगावयास नको.

हा सुगंध म्हणजे एखादे एकच द्रव्य नव्हे. लिंबूवर्गीय फुलांच्या दरवळात अनेक संयुगे एकत्र नांदतात. त्यांत लिनॅलूल हे प्रमुख. त्याच्या रेणूत कार्बनचे दहा अणू असतात आणि त्याचा वास ताजा, किंचित लाकडी असतो. सालीला तिचा परिचित वास देणारे लिमोनीन फुलातही असते. मात्र केवळ या दोहोंच्या बळावर फुलाचा भास होत नाही. तो घडवितात नत्रयुक्त अशी दोन द्रव्ये : मिथाइल अँथ्रानिलेट आणि इंडोल. पहिल्याचा वास द्राक्षासारखा. द्राक्षाच्या कृत्रिम स्वादासाठी तेच वापरतात. दुसरे तीव्र स्वरूपात चक्क दुर्गंधी असते, विष्ठेतही आढळते. परंतु अल्पांशाने मिसळताच ते फुलाला जिवंतपणा देते. मोगऱ्याचे रहस्यही बरेचसे हेच आहे.

वनस्पती हा सारा खटाटोप माणसासाठी करीत नाही, हे ओघाने आलेच. मधमाशीला आमंत्रण देणे हा तिचा हेतू. तिची युक्ती वासापाशी थांबत नाही. लिंबूवर्गीय फुलांच्या मधुरसात अत्यल्प कॅफीन असते आणि त्यामुळे मधमाशीला फुलाचा वास अधिक काळ स्मरणात राहतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

हा दरवळ बाटलीत भरणे मात्र कठीण. कडू नारिंगाच्या फुलांचे बाष्पाच्या साह्याने ऊर्ध्वपातन करून जे तेल मिळते त्याला नेरोली म्हणतात. सुमारे एक टन फुलांतून जेमतेम एक किलो तेल हाती येते. शिवाय उष्णतेने काही नाजूक संयुगे विघटित होतात आणि मिथाइल अँथ्रानिलेट पाण्यात थोडेफार विरघळत असल्याने त्याचा काही अंश तेलाऐवजी पुष्पजलात उतरतो. म्हणजे तेल हे फुलाचे पूर्ण चित्र नव्हेच!

वस्तू इतकी दुर्मीळ, तेव्हा भेसळ आलीच. काशी हिंदू विश्वविद्यालयाला हा प्रश्न दुसऱ्या रूपात परिचित होता. स्वातंत्र्यपूर्व काळात तेथील औद्योगिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एन. एन. गोडबोले यांनी सद्गोपाल यांच्यासह तुपातील भेसळ कशी ओळखावी आणि मोजावी यावर ग्रंथ लिहिला. दिसण्यात आणि वासात जमून गेलेली भेसळ प्रयोगशाळेत कशी पकडावयाची, ही अडचण तुपाची तशीच अत्तराचीही.

नेरोलीत किंचित निळसर झाक दिसते, ती मिथाइल अँथ्रानिलेटमुळे. परंतु कारखान्यात बनलेले मिथाइल अँथ्रानिलेटही तशीच झाक देते. तेव्हा या खुणेवर विसंबता येत नाही. खरा भेद लिनॅलूल उघड करते. उजवा व डावा हात जसे एकमेकांचे प्रतिबिंब, तशी या रेणूची दोन रूपे आहेत. सामान्य कृत्रिम लिनॅलूलमध्ये ती समसमान असतात. झाडाची विकरे मात्र सहसा त्यांपैकी एकाकडे झुकलेली असतात. ही रूपे वेगळी करणाऱ्या वायुवर्णलेखन यंत्रातून तेलाचा नमुना गेला, की पूर्वी एकच भासणारे लिनॅलूल आलेखावर दोन शिखरांत विभागते. शिखरे जवळजवळ सारखी आली, तर त्या बाटलीतील लिनॅलूल बहुधा झाडावरचे नाही. अंगणातल्या लिंबोणीची पारख करावयास मात्र अजूनही नाकच पुरते.