जवळा म्हणजे कोळंबीचं पिल्लू नव्हे

मासळी बाजारात जवळ्याचा वाटा घेताना हमखास कानावर पडतं : ही कोळंबीची पिल्लं, मोठी व्हायच्या आधीच धरलेली. हा गैरसमज आहे. आपल्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत सापडणारा जवळा मुख्यतः असेटेस इंडिकस या जातीचा. पूर्ण वाढला तरी तो फार तर तीन-चार सेंटिमीटर भरतो. टायगर कोळंबी फूटभर होते. जवळा कितीही जगला तरी तेवढा होत नाही.

ताजा जवळा भिंगाखाली धरा. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, इथे तीनच दिसतील. मागच्या दोन असेटेस या प्रजातीत नाहीशा झाल्या आहेत. शेपटीच्या पंख्यावर बारीक लाल ठिपके असतात. नराच्या पोटाखाली, पोहण्याच्या पायांच्या पहिल्या जोडीवर एक नाजूक जननावयव असतो आणि त्याच्या घडणीवरून तज्ज्ञ असेटेसच्या जाती वेगळ्या ओळखतात. तो अवयव पक्व असेल, तर समोरचा जीव वयात आलेला नर आहे. डोल जाळ्यात जवळ्याबरोबर खऱ्या कोळंबीची पिल्लंही येतात, ही गोष्ट मात्र खरी आणि काळजी करण्यासारखी आहे.

पाय सहाच, तरी जवळा दशपाद गणातच मोडतो. वर्गीकरण नुसत्या पायांच्या मोजणीवर होत नाही, नातं पाहिलं जातं. कल्ल्यांची रचना आणि अंडी थेट पाण्यात सोडण्याची रीत यांमुळे जवळा आणि टायगर कोळंबी एकाच उपगणात येतात. नदीतली मोठी कोळंबी मात्र अंडी पोटाखाली बाळगते. ती खेकडा आणि शेवंडीच्या उपगणात जाते. दिसायला कोळंबी, पण नात्याने खेकड्याला जवळची! वर्गीकरणातली ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते.

‘जवळा म्हणजे आपल्याकडचा क्रिल’ हेही बरोबर नाही. क्रिलचा गणच वेगळा. त्याचे कल्ले पाठीच्या कवचाखाली झाकलेले नसतात, बाहेर लोंबताना दिसतात. मायसिड नावाचे तसलेच चिमुकले जीव आणखी दूरचे : मादी पिल्लं छातीखालच्या पिशवीत वाढवते आणि शेपटीच्या पंख्यात तोल सांभाळणारा गोल अवयव असतो. एकोणिसाव्या शतकात क्रिल आणि मायसिड दुभंगलेल्या पायांवरून एकाच गणात घातले होते. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ बोआस यांनी 1883 मध्ये ते वेगळे केले. आधीची गटवारी बाह्य साम्यावर विसंबून केलेली होती.

शास्त्रीय नाव एकदा दिलं की कायमचं, असंही नाही. जातीनाम, म्हणजे नावातला दुसरा शब्द, सहसा टिकतं; प्रजातीनाम, म्हणजे पहिला शब्द, बदलू शकतं. शेततळ्यांत वाढणाऱ्या व्हॅनामी कोळंबीला संशोधक बून यांनी 1931 मध्ये पीनियस व्हॅनामी म्हटलं, 1997 मध्ये ती लिटोपीनियस झाली आणि पुढे जनुकीय अभ्यासांनंतर अनेक तज्ज्ञ पुन्हा पीनियसकडे वळले. प्रजाती बदललेली असेल, तर मूळ नामकर्त्याचं नाव कंसात लिहायचा नियम आहे. असेटेस इंडिकसपुढे मात्र मिल्न एडवर्ड्स, 1830 असं कंसाविना येतं, कारण जातीला नाव देतानाच असेटेस ही प्रजातीही त्यांनीच स्थापली आणि तिथून हा जीव हललेला नाही.