लॅपटॉपमधले लिथियम

लिथियम पाण्यात पडले की फसफसते आणि हायड्रोजन वायू सोडते. म्हणूनच प्रयोगशाळेत हा धातू पेट्रोलियम जेलीसारख्या पदार्थाने झाकून ठेवतात. ‘लिथियम-आयन’ या नावावरून लॅपटॉपच्या बॅटरीत याच धातूचा तुकडा असतो, असा अनेकांचा समज होतो आणि तो स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात चांगल्या स्थितीतल्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियम धातुरूपात नसते. ते आयनांच्या (विद्युतभार असलेल्या अणूंच्या) रूपात असते. हातमागावरचा धोटा जसा या काठापासून त्या काठापर्यंत ये-जा करतो, तसे हे आयन चार्जिंगच्या वेळी ग्राफाइटच्या थरांत शिरतात आणि वापराच्या वेळी धातूच्या ऑक्साइडकडे परततात.

१९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी बनवलेल्या बॅटरीत खरोखरच लिथियम धातू होता, आणि धोकाही. पुढे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरले, अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बन योजला. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. निकेलच्या जड बॅटऱ्या मागे पडल्या आणि लॅपटॉप हलके झाले. माझ्या मते योशिनोंचा बदल सर्वांत मोलाचा. तिघांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग आग का लागते? बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट (आयनांना वाट देणारा द्रव) ज्वलनशील असतो. बॅटरीच्या दोन बाजू वेगळ्या ठेवणारे आतले पडदे फाटून शॉर्टसर्किट झाले की तो पेटू शकतो. कडाक्याच्या थंडीत चार्ज केल्यास मात्र ग्राफाइटवर धातुरूप लिथियम साचू शकते आणि त्यानेही असे शॉर्टसर्किट होऊ शकते. म्हणूनच फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये.